शेवटचं तोंड

डॉ. हसीना मुल्ला यांनी पहिल्याच तासाला टेबलावर तापाची एक साधी गोळी ठेवली आणि विचारलं, "ही मांजराला दिली तर काय होईल?"

वर्गात कोल्हापूर जिल्ह्यातले औषध दुकानदार बसले होते. निम्म्यांचे केस पांढरे. आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला उभ्या राहिलेल्या माणसांना पुन्हा बाकावर बसवलं की ती शाळकरी पोरांसारखी वागायला लागतात. मागून कुणीतरी म्हणालं, "ताप उतरंल की."

"ताप उतरेल," बाई म्हणाल्या. "मांजरही उतरेल. खड्ड्यात."

हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत.

"यकृत म्हणजे शरीराचं स्वयंपाकघर समजा," त्या सांगू लागल्या. "ही गोळी मोडून लघवीवाटे बाहेर काढायला माणसाच्या स्वयंपाकघरात एक ठरावीक भांडं असतं. मांजराकडे ते जवळजवळ नाहीच. मग गोळीचं विष होतं, रक्त तपकिरी पडतं आणि श्वास चालू असूनही मांजर गुदमरतं. मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे. वजनाच्या मानाने गोळी मोडून देणारे इथे कोण कोण आहेत? राहू द्या, हात वर करू नका. सगळेच आहात."

तिसऱ्या बाकावरची केतकी बेलेकर हसता हसता थांबली. कुरणवाडीत तिचं औषधांचं दुकान होतं आणि थोड्याच दिवसांपूर्वी तिने कुणाच्या तरी मांजरासाठी पाव गोळी काढून दिली होती. मांजराचं पुढे काय झालं हे विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

हे प्रशिक्षण नव्या कायद्यामुळे सुरू झालं होतं. जनावरांचे डॉक्टर कमी, गोठे फार आणि औषधं तर किराण्याच्या दुकानातही मिळायला लागलेली. म्हणून सरकारने ठरवलं की माणसांच्या औषध दुकानातच जनावरांचा काउंटर असावा, पण दुकानदार शिकलेला हवा. शिकलेल्यावरही विश्वास नको म्हणून त्याच्या शेजारी एक यंत्र हवं. सरकारचा कारभार, त्याला दोन-दोन कुलपं लागतातच.

बाईंनी मग गिधाडांची हकिकत सांगितली. गुरांच्या सांधेदुखीवर एक औषध निघालं. गाईला त्याने बरं वाटायचं, दूध पिणाऱ्या माणसालाही काही होत नसे. पण मेलेलं जनावर गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. काही वर्षांत आभाळ रिकामं झालं.

"औषध चांगलंच होतं," बाई म्हणाल्या. "देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. फक्त शेवटचं तोंड कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. जनावर हा कधीच शेवटचा रुग्ण नसतो. त्याचं दूध कुणीतरी पितं, त्याचं मांस कुणीतरी खातं, त्याच्या शेणात कुणीतरी चोच घालतं. औषध हातातून सोडण्याआधी हा एक प्रश्न विचारत जा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

केतकीने तो प्रश्न मनात पक्का धरून ठेवला. ती परीक्षेत पहिली आली आणि सासऱ्यांनी गल्लीभर पेढे वाटले. वाटताना स्वतः चार खाल्ले आणि सुनेची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

यंत्राचं नाव होतं पारखी. शिवणयंत्राएवढी पांढरी पेटी आणि तिला दोन खिडक्या, एकीवर माणसाचं चित्र, दुसरीवर गाईचं. आत काचेच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर यकृताच्या जिवंत पेशींचा पातळ थर वाढवलेला. माणसाची पट्टी वेगळी, गाईची वेगळी, म्हशीची वेगळी, शेळीची, कुत्र्याची वेगळी. रुग्णाच्या रक्ताचा थेंब टाकला की यंत्र त्याची जनुकं वाचायचं, पट्टीवरच्या पेशी त्यानुसार जुळवून घ्यायचं आणि त्यांच्यावरून औषध सोडून बघायचं. औषध किती वेगाने मोडतं, मोडून त्याचं काय होतं, विष होतं का, हे खऱ्या जनावराला टोचण्याआधी त्या काचेवर घडून जायचं. मग हिरवा नाहीतर लाल दिवा. कायद्याने दोन्ही खिडक्यांमध्ये पक्की शिवाशिव पाळलेली होती. माणसाच्या खिडकीत जे चाले ते गाईच्या खिडकीला कळत नसे.

केतकी पहिले काही महिने यंत्राच्या आधी स्वतः विचार करायची आणि मग त्याच्याशी ताडून बघायची. यंत्र एकदाही चुकलं नाही. हळूहळू ती आधी यंत्राकडे बघायला लागली.

"आमच्या टायमाला गाडीला गिअर हुता," तिचे सासरे दत्तोबा म्हणायचे. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, गावात सगळे त्यांना डायव्हरच म्हणत. "आता बस आपली आपण चालतीया. पण आपली आपण चालतीया म्हणून डायव्हरनं झोपायचं नसतं गं, केतकी."

"मी कुठं झोपतेय, मामंजी?"

"मी बशीबद्दल बोलतोय," असं म्हणून ते दुकानाच्या पायरीवर बसून भाकरीचा तुकडा कुस्करायचे. समोरच्या भिंतीवर त्यांचा एक कावळा ठरलेला होता. एका पायाने लंगडा. त्याला ते 'कंडक्टर' म्हणत.

केतकीचा नवरा सुहास साताऱ्याकडे पवनचक्क्यांवर कामाला, रविवारपुरता घरी यायचा. एरवी घरात ही दोघंच. सासऱ्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना जन्माची चिकटलेली. शिवाय साखर. केतकीने घरातून गूळ हद्दपार केला होता आणि त्यावरून दोघांत रोज एक तरी चकमक उडायची. खरं सांगायचं तर तिला वडील आठवत नव्हते आणि या म्हाताऱ्यावर तिचा फार जीव होता.

पावसाळा सरत आला तशी शेजारची गिरजाक्का दुकानात आली. हातात तिच्या चंद्री गाईच्या रक्ताची बाटली.

"केतके, चंद्रीला आटवायची हाय. मागल्या वेताला दगडी झाली आन् एक सड गेला बग तिचा. ते नवीन औषध निगालंय म्हंत्यात, ते दे."

औषधाचं नाव कासरक्षा. गाय आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी तिचं दूध बंद करताना, एकदा सडांत सोडलं की व्यायपर्यंत कासेत मुरून राहायचं आणि दगडी, म्हणजे कासेची घट्ट सूज, होऊ द्यायचं नाही. तालुक्यातल्या निम्म्या गोठ्यांनी ते नेलं होतं. केतकीने थेंब टाकला, पट्टी सरकवली. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर सूचना आली: व्याल्यानंतर चार दिवस दूध विकू नये. त्या दिवसांचं दूध वासरासाठी. वासरास सुरक्षित.

केतकीला बाईंचा प्रश्न आठवला. तिने तो विचारलाही. "आक्का, व्याल्यावर दूध कोण पिणार?"

"कोण म्हंजे? पयलं वासरू पिणार, मग डेअरी."

"चार दिवस डेअरीला घालायचं नाही हां."

"डेअरी चिकाचं दूध घेतीय व्हय कधी? खुळीच हाईस," गिरजाक्का हसली. केतकीही हसली आणि औषध पिशवीत घातलं.

ज्या देशात ते यंत्र घडलं, तिथे व्यायलेल्या गाईचं पहिलं दूध बादलीने वासराला पाजतात आणि विषय संपतो. माणूस त्याला तोंड लावत नाही. त्यामुळे यंत्राच्या लेखी चीक म्हणजे वासराचं अन्न. आणि केतकी खरवस खात लहानाची मोठी झालेली असूनही, तिच्या मनात दूध दुधाच्या जागी होतं आणि खरवस गोडाच्या. काउंटरपाशी उभं राहिल्यावर त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

दिवाळीच्या सुमारास मामंजींच्या दंडावर निळा डाग दिसला.

"कुठं आपटलात?"

"न्हाई बा."

मग पोटरीवर दिसला. एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना. केतकीने त्यांना दुकानात नेऊन माणसाच्या खिडकीत थेंब टाकला. रक्त गोठायला हवं त्यापेक्षा फारच वेळ घेत होतं. यंत्राने विचारलं: नवीन औषध सुरू केलं का? नाही. मात्रा वाढवली का? नाही. पडद्यावर आलं: कारण अज्ञात, मात्रा कमी करावी. कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनीही फोनवर तेच सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात आणायला सांगितलं.

केतकीला एकच कारण दिसत होतं.

"मामंजी, खरं सांगा. गोळी विसरून दोनदा घेताय का?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "मी काय खुळा हाय? सारी हयात घाटात गाडी घातली. एक गिअर चुकला न्हाई माजा."

"वय होतं माणसाचं."

"तुज्या बापाचं असंल," ते बोलून गेले. केतकीला बाप नव्हता, हे दोघांनाही एकदमच आठवलं.

तिने गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. रोज स्वतःच्या हाताने देऊ लागली. ते गोळी गिळून तोंड उघडायचे, जीभ बाहेर काढून दाखवायचे. "बग. गिळली. दुसरी न्हाई." त्या अपमानाने त्यांचे डोळे भरून यायचे आणि तिचेही. पण मात्रा कमी करूनही डाग वाढतच होते. ते रुसून सारखे बाहेर जाऊन बसायला लागले. कुठे जाता विचारलं तर म्हणायचे, "कंडक्टरला शोधतुया. लई दिवस झालं आला न्हाई. सगळीच कावळी कुठं गपगार झाली कुणास ठावं."

केतकीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. घरात माणूस आजारी असताना कावळ्यांची चौकशी कोण करतं?

पुढे एका दुपारी गिरजाक्का काउंटरपाशी येऊन कानात बोलल्यासारखं म्हणाली, "केतके, रागवू नगंस. डायव्हरकडं माजा डबा ऱ्हायलाय. रिकामा दिला तरी चालंल, त्येंनी बिचाऱ्यांनी काय घालून द्यायचं त्यात."

"कसला डबा?"

"खरवसाचा गं. चंद्रीला पाडी झाली न्हवं? तू गूळ खाऊ देत न्हाईस म्हणून माज्या वसरीला बसून खात्यात. माझाच न्हाई, पाटलांच्यातला, शिंद्यांच्यातला, समद्यांच्यातला. यंदा घरोघरी गाया व्यायल्यात. डायव्हरला दिल्याबिगर कुणाच्या घशाखाली उतरतंय व्हय?"

केतकीने समोरचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं. "आक्का, खरवस शिल्लक आहे?"

"हाय की वाटीभर. आता तू बी खातीस?"

तिने वाटीतला तुकडा खलात चेचला, पाण्यात कालवला. मामंजींच्या रक्ताचा थेंब माणसाच्या खिडकीत, पट्टीवर त्यांची रोजची गोळी आणि त्यावर ते पाणी. यंत्र कुरकुरलं: हा नमुना औषध नाही. तिने 'इतर' दाबलं आणि वाट बघत राहिली. पडद्यावर गोळी मोडण्याची रेषा रोज उताराला लागायची. आज ती आडवी पडली आणि आडवीच राहिली.

कासरक्षा एकटी माणसाला काही करत नव्हती, वाफेवर शिजून चिकाचा खरवस झाला तरी मोडतही नव्हती. पण यकृतातलं जे भांडं रक्त पातळ करणारी गोळी मोडतं, त्याच भांड्यात ती ठाण मांडून बसत होती. रोजची गोळी आत साठत चालली होती. एका खिडकीतून तिनेच गाईला औषध दिलं होतं आणि दुसरीतून सासऱ्यांना गोळी. आणि त्या दोन खिडक्यांच्या मध्ये गूळ-वेलची घातलेली एक वाटी होती.

ती शटर न ओढताच पळत घरी गेली. मामंजी खुर्चीत बसले होते. "डोस्कं लई दुखतंय गं," ते म्हणाले, पण शब्द एका बाजूला कलले होते. तिने त्यांना धरलं. "मामंजी, तुम्ही गोळी चुकला नव्हता. ऐकताय का? तुम्ही कधीच चुकला नव्हता." त्यांनी ऐकलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. गाडी कोल्हापूरला पोहोचेपर्यंत मेंदूत रक्त पसरलं होतं.

सुहासला तिने सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि एवढंच म्हणाला, "त्यांना जीभ काढून दाखवायला लावायचीस तू." दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. पण वाक्य घरात राहिलं.

पारखीच्या मदत क्रमांकावर एका गोड आवाजाने तिला विचारलं, "तक्रार मनुष्याची की पशूची?" तिने दोन्ही म्हटल्यावर आवाजाने पुन्हा तेच विचारलं. डॉ. मुल्लांनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कंपनीला, सरकारला मी लिहिते. ते महिने लावतील. तोवर गावात हे औषध तू थांबव. आणि केतकी, पक्ष्यांकडे लक्ष ठेव. त्यांचं स्वयंपाकघर आपल्याहूनही लहान असतं."

केतकीने कासरक्षेच्या बाटल्या फळीवरून काढल्या. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांच्या घरी जाऊन खरवस खाऊ नका म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. कारण सांगायचं तर डायव्हर कशाने गेले हे सांगावं लागलं असतं, आणि गिरजाक्का रोज येऊन उंबऱ्यावर बसून रडत होती. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? लोकांनी माना डोलावल्या. दुःखात बाईमाणूस काहीबाही बोलतं, अशी आपली समजूत करून घेतली.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. सुहासने पिंड ठेवला आणि मंडळी मागे सरली. आभाळ स्वच्छ होतं, झाडं होती, पाणी होतं. कावळा नव्हता. एकही नव्हता. कुठे लांबूनही आवाज येईना.

"कायतरी इच्छा ऱ्हायली बघा डायव्हरची," कुणीतरी म्हणालं. सुहास हात जोडून म्हणाला, "केतकीला काही कमी पडू देणार नाही, बाबा." काही नाही. पाटलांनी शब्द दिला, शिंद्यांनी दिला. मग गिरजाक्का डोळे पुसत पुढे झाली. तिच्या हातात मोठा डबा होता.

"मला ठावं हाय त्येंची इच्छा," ती म्हणाली आणि पिंडाशेजारी खरवसाची पांढरी वडी ठेवली.

केतकी आभाळाकडे बघत होती. तिला लंगडा कंडक्टर आठवला. मामंजी त्याला हातातला अर्धा घास टाकल्याशिवाय कधी खात नसत. व्यायलेल्या गाईच्या पहिल्या धारा जमिनीवर सोडतात, उरलेला चीक उकिरड्यावर जातो. घरोघरी गाई व्यायल्या होत्या.

गुरुजींनी जास्त वेळ वाट बघितली नाही. पिशवीत हात घालून दर्भाचा कावळा बाहेर काढला. गवत वाळलेलं होतं.

"आधीच करून आणलात?" सुहासने विचारलं.

"हल्ली पिशवीतच असतात," गुरुजी म्हणाले. "दिवाळीपासून एकाही घाटावर कावळा येत नाही. खालच्या गावांतनं बी हेच सांगत्यात." आणि त्यांनी तो गवताचा कावळा पिंडाला लावला.

मंडळी हलली. गिरजाक्काने डब्याचं झाकण पुन्हा काढलं. "डायव्हरच्या नावानं एकेक घास तोंडात घाला बाबांनो, तेवढंच त्येंच्या जिवाला," असं म्हणत ती फिरू लागली. तातोबा शिंद्यांनी हात पुढे केला. तातोबांच्या छातीत तशीच झडप होती, तशीच गोळी ते केतकीकडून नेत होते. वडी त्यांच्या तळहातावर पडली.

केतकीने ती वडी उचलून घेतली. मग गिरजाक्काच्या हातातून डबाही घेतला.

"कुणी खाऊ नका," ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "मामंजी खरवसानं गेले. कावळेसुद्धा त्यानंच गेले असतील."

गिरजाक्का तिच्याकडे बघत राहिली. समजायला तिला थोडा वेळ लागला आणि समजलं तेव्हा ती मटकन पायरीवर बसली. "माज्या चंद्रीच्या?"

"औषध मी दिलं होतं, आक्का. तुम्ही नाही. मी दिलं."

गिरजाक्काने तोंडाला पदर लावला. तिच्याजवळ जाऊन बसावं असं केतकीला फार वाटलं, पण हातात डबा होता. आधी हे कुठेतरी टाकायला हवं होतं. पिंडाजवळची वडीही तिने उचलून आत टाकली. पाण्याच्या कडेला जाऊन ती वाकली, तर उथळ पाण्यात बोटभर मासे जमले. ती मागे सरली. काठावरची माती उकरायला बसली, तर तिथे मुंग्या होत्या. वर रस्त्यावर गावातलं कुत्रं मघापासून डब्याकडे बघत शेपूट हलवत उभं होतं.

केतकी उठली. डब्याचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबून ती तशीच उभी राहिली. तो कुठे टाकावा, तिला काही सुचेना.